एकही आवाज नको

८ ऑगस्ट

आज डोंगरावर जाऊन आले. गुडघे बोंबलतायत, पण मन हलकं झालंय.

टोपीवाल्या दगडी बुद्धापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे बघावं तिकडे बारावीच्या आया. पुढ्यात मुलांचे फोटो, हातात माळ, आणि उठून वाकून नमस्कारावर नमस्कार. माझ्याबरोबर उंजू होती. तिचा मुलगा दान्बीच्याच वर्गात आहे. थोरला दोन वर्षांपूर्वी सोलच्या मोठ्या विद्यापीठात लागला, तेव्हापासून उंजू या विषयातली पंडित झाली आहे. चढता चढता मला म्हणाली, "दान्बीची आई, एक लक्षात ठेव. हा बुद्ध जन्मात एकच मागणं देतो. मार्क मार्क करत बसू नकोस. या सगळ्या मार्कच मागतायत. मेडिकलच्या जागा तो काय दगडातून काढून देणार आहे?"

मग मी डोकं चालवलं. मार्क दान्बी आणेलच, लहानपणापासून आणतेय. तिचा वैरी एकच, तो म्हणजे आवाज. आमच्या देगू शहरात लष्कराचा विमानतळ अगदी डोक्यावर. लढाऊ विमान गेलं की पोर पेन टाकून दोन्ही हातांनी कान दाबून बसते, आणि मग तिचं चित्त परत थाऱ्यावर यायला बराच वेळ जातो. तर मी कपाळ टेकलं आणि म्हटलं, बाबा रे, परीक्षा होईपर्यंत माझ्या पोरीच्या कानावर बाहेरचा एकही आवाज पडू देऊ नकोस. बाकीचं आम्ही बघून घेऊ.

उंजूने खोदून खोदून विचारलं. मी नाही सांगितलं. पण खरं सांगायचं तर उतरताना मी स्वतःवरच खूश होते. इतक्या बायकांत असं शहाणपणाचं मागणं एकीलाही सुचलं नसेल.

१० ऑगस्ट

बुद्धाने त्याचं करावं, आपण आपलं करावं. टीव्हीवर चादर घातली. दारावरच्या घंटीची तार काढून टाकली. फोन गादीखाली. दान्बीला काही हवं असेल तर तिने चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवायची, जेवण तयार झालं की मी सरकवणार. हाका मारायच्या नाहीत. घसरणं, पडणं, सांडणं हे शब्द नोव्हेंबरपर्यंत या घरात बंद.

हे उल्सानच्या कारखान्यात असतात, रविवारी घरी येतात. त्यांना दारातच कापडी चपला दिल्या.

"शिंक आली तर?" म्हणाले.

"न्हाणीघरात जा, दार लावा आणि मग शिंका."

"अगं, शिंक काय विचारून येते?"

"मग येऊच देऊ नका. पोरीचं आयुष्य आहे, तुमची शिंक नाही."

बिचाऱ्यांनी चपला पायात घातल्या. त्यांच्या आईने त्यांच्यासाठी एवढं केलं असतं तर आज ते कुठल्या कुठे असते.

१२ सप्टेंबर

मी मोड आलेल्या सोयाबीनच्या शेपट्या खुडत बसले होते. दान्बी स्वयंपाकघरात आली, चिठ्ठी न सरकवता. म्हणाली, "आई, डावा कान भरल्यासारखा झालाय गं. पाण्यात बुडी मारल्यावर होतं ना, तसं. आणि आत शिट्टी वाजतेय."

मी बॅटरी लावून पाहिलं. स्वच्छ, गुलाबी कान. आत काही नाही. अभ्यासिकेत जाते तिथे सगळ्या मुली कानात बोळे घालून बसतात, त्याचंच हे. म्हटलं, उद्या मऊ बोळे आणून देते.

"डॉक्टरकडे जाऊया का?"

आता डॉक्टर म्हणजे अख्खी दुपार गेली. मग ते तपासण्या लिहून देणार, परत बोलावणार. त्यात काहीबाही गोळ्या दिल्या आणि पोर पेंगायला लागली तर? मी म्हटलं, "परीक्षा होऊ दे. कान, दात, डोळे, सगळं एकदम दाखवू."

तिने खुडलेल्या शेपट्या गोळा केल्या. मग "बरं" म्हणून गेली. शहाणी आहे माझी पोर. उंजूचा मुलगा असता तर भिंतीला लाथा घालत बसला असता.

१५ सप्टेंबर

जडीबुटीवाल्या वैद्याकडून बुद्धीचा काढा आणला. गरम करताना घरभर जोडा जळाल्यासारखा वास सुटला, पण सगळ्याच मुलांना देतात. चिठ्ठीवर विचारलं, शिट्टी थांबली का? तिने खाली लिहून पाठवलं, सवय झाली.

चला, एक काळजी मिटली.

२९ सप्टेंबर

दान्बी किती बदलली आहे! मी बोलायला लागले की हातातलं सगळं ठेवून माझ्या तोंडाकडे बघते. या वयाच्या मुली आईकडे बघतात तरी का? मी म्हटलं, "काय गं, दातात पालक अडकलाय का माझ्या?" हसली नाही, नुसती बघत राहिली.

बोलते पण हल्ली कशी खणखणीत. पूर्वी वर्गात तिचा आवाज पहिल्या बाकाच्या पुढे जायचा नाही. उंजू म्हणाली, "आवाजात जरब आली गं तुझ्या लेकीच्या. डॉक्टरीण शोभेल." तिला काय, सहज बोलून गेली, पण मला दिवसभर गोड वाटत राहिलं.

६ ऑक्टोबर

आज सणाचा दिवस. पूर्वजांच्या नैवेद्याला हे एकटेच भावाकडे गेले. मी आणि दान्बी घरीच राहिलो. जाऊबाई काय बोलल्या असतील ते मला इथे बसून कळतंय, बोलू देत. त्यांची मुलं कुठे लागली ते आम्हाला माहीत आहे.

हे संध्याकाळी पाइनच्या पानांवर वाफवलेले तांदळाचे उंडे घेऊन आले, दान्बीला द्यायला खोलीत गेले आणि बाहेर आले ते एकदम गंभीर.

"मी तिला तीनदा हाक मारली. खिडकीकडे तोंड करून बसली होती. वळून बघितलं नाही."

"हाक मारलीतच का? चिठ्ठी सरकवायची असं ठरलंय ना?"

"अगं, मग मी तिच्या मागे जाऊन टाळी वाजवली. तरी नाही."

"याला लक्ष म्हणतात. तुम्ही अठराव्या वर्षी असे बसला असतात तर आज कारखान्याचे मालक असतात."

एरवी हे अशा बोलण्यावर हसतात. आज हसले नाहीत. म्हणाले, "मला हे बरं दिसत नाही." मी म्हटलं, तुम्हाला पोर आठवड्यातून एकदा दिसते, मला रोज दिसते. उंडे तसेच राहिले.

९ ऑक्टोबर

लिहिताना अंगावर काटा येतोय.

आज दुपारी दोन लढाऊ विमानं इतकी खालून गेली की खिडक्या थडथडल्या, ओट्यावरची कपबशी नाचायला लागली. मी हातातलं टाकून दान्बीच्या खोलीकडे पळाले. म्हटलं, गेला आजचा दिवस. दार फटभर उघडलं तर पोर लिहितेय. हात थांबला नाही की मान हलली नाही. विमानं डोक्यावरून गेली तरी तिच्या कानावरची बट जागची हलली नाही.

मी तिथेच डोंगराच्या दिशेला हात जोडले. ऐकलं त्याने! माझं ऐकलं!

१७ ऑक्टोबर

वर्गशिक्षक गिल सरांचा फोन. आधी तासभर कौतुक: गणित उत्तम, कोरियन उत्तम. मग हळूच म्हणाले, "सराव परीक्षेत इंग्रजीचा ऐकायचा भाग मात्र पार कोसळलाय. लेखी सगळं बरोबर, आणि ऐकून लिहायचे जवळजवळ सगळे चूक. असं कधी झालं नव्हतं. घरी काही ताण आहे का?"

घरी कसला ताण? घरात पान हललेलं ऐकू येईल एवढी शांतता आहे, मी सांगितलं.

दान्बीला विचारलं तर म्हणाली, "शाळेचा स्पीकर खराब आहे." मग बरोबर आहे. सरकारी शाळांचं हे असंच. मी म्हटलं, आजपासून रोज ऐकायचा सराव घरच्या स्पीकरवर. ती काही तरी बोलणार होती, पण मी तोवर स्पीकर शोधायला गेले होते.

२५ ऑक्टोबर

खालच्या मजल्यावरची ग्वाक आजी वर आली होती भांडायला. घंटी बंद, म्हणून तिने दार अक्षरशः बडवलं.

"तो इंग्रजी बोलणारा बाप्या तुमच्या घरात राहायला आलाय का? आठवडा झाला, माझ्या डोक्यावर ओरडतोय! माझ्या भिंती हादरतायत!"

मी म्हटलं, "आजी, बारावीची मुलगी आहे. थोडं समजून घ्या."

"मी पाच पोरं वाढवली, मला नको सांगू. एवढ्या मोठ्याने लावतात का कधी? तुझ्या पोरीला ऐकू येत नाही की काय?"

माझं डोकंच फिरलं. परीक्षा तोंडावर असताना असं अभद्र बोलायचं? मी म्हटलं, "तोंड आवरा, आजी. तुमची नातवंडं कुठवर शिकली ते सगळ्या इमारतीला ठाऊक आहे." म्हातारी जिना उतरून गेली. मी दारात मीठ फेकलं. मग दान्बीच्या खोलीत गेले. स्पीकर खरंच फार मोठा लावला होता, मला छातीत दणके बसत होते. ती दोन्ही हात स्पीकरच्या पेटीवर ठेवून डोळे मिटून बसली होती.

केवढी मेहनत! आणि लोक नजर लावायला टपलेले.

२ नोव्हेंबर

दान्बीचा वाढदिवस. वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सार झालंच पाहिजे, पण शेवाळ बुळबुळीत, परीक्षेआधी खाल्लं की मूल घसरतं. तीन वर्षांच्या पोरालाही हे माहीत आहे. यांना नाही! मी देवळातून आले तर हे ओट्याशी उभे, आणि पातेल्यात सार रटरटतंय.

"अठरा वर्षांची झाली ती," म्हणाले. "एक वाटी. तू बाळंतीण होतीस तेव्हा महिनाभर हेच प्यायलीस."

मी पातेलं उचललं आणि मोरीत ओतलं. वाफ माझ्या तोंडावर आली. मागे वळले तर दान्बी दारात. आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती.

मी सावकाश म्हटलं, "परीक्षा झाली की मोठं पातेलंभर करते. देवाशपथ."

तिने मान हलवली. यांनी कोट घातला आणि जेवणाआधीच उल्सानला निघून गेले. जाताना तिच्या खोलीत बराच वेळ थांबले होते. काय बोलले कोण जाणे, बाहेर काहीच ऐकू आलं नाही. दोघं चिठ्ठ्या लिहीत असावेत.

मलाही रडू आलं. मी काय दुष्ट आहे का? एक वाटी साराची किंमत मला कळत नाही का? पण अकरा दिवसांवर आलंय सगळं.

१० नोव्हेंबर

दुपारी दान्बी येऊन माझ्यासमोर बसली. गुडघे जोडून, लहानपणी चूक कबूल करताना बसायची तशी.

"आई, मला एक सांगायचंय."

"चांगलं आहे का?"

तिने माझ्या ओठांकडे बघितलं. "नाही."

"मग आता नको. गुरुवारी पेपर आहे. या घरात आता वाईट शब्द निघणार नाही. शुक्रवारी सांग."

"शुक्रवारी," ती म्हणाली.

"शुक्रवारी. काय असेल ते ऐकून घेईन."

कुठल्या मुलाबिलाचं असेल. असू दे. उठताना तिचा तोल गेला, तिने भिंत धरली. चार दिवसांत दोनदा झालंय असं. काढा एक वेळचा वाढवला.

१३ नोव्हेंबर, दुपारी, डोंगरावर

सकाळी शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं. धाकट्या वर्गातल्या मुली ढोल बडवत होत्या, ओरडत होत्या. मूल परीक्षेत चिकटावं, घसरू नये म्हणून आयांनी फाटकाला चिकट गोळ्या चिकटवल्या, मीही चिकटवली, चांगली दाबून. माझी घट्ट बसली. दान्बीच्या हातात डबा दिला, म्हटलं, "जा, राणी." ती ढोलांच्या मधून अशी शांत चालत गेली, जशी काही रिकाम्या बागेतून चालली आहे.

मग उंजूबरोबर इथे वर आले. पेपरच्या वेळापत्रकाप्रमाणे नमस्कार चाललेत. कोरियन झालं, गणित झालं. आता इंग्रजी सुरू झालंय. पहिला भाग ऐकण्याचा.

आणि आकाश बंद झालं. दर वर्षी ऐकायच्या भागापुरतं होतं, पण यंदा ते माझ्यासाठी झालं. विमानतळावरचं एकही विमान उडत नाही. रस्त्यावर भोंगे नाहीत. इथे भिक्षूंनीही लाकडी घंटेचे टोले थांबवले. उंजू कुजबुजली, "बघ, अख्खा देश श्वास धरून बसलाय, आपल्या पोरांना ऐकू यावं म्हणून."

मी रडले. आनंदाने रडले. एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

१३ नोव्हेंबर, घरी

शाळा सुटली. पोरं बाहेर यायला लागली. कुणी हसतंय, कुणी आईच्या गळ्यात पडून रडतंय. दान्बी सगळ्यात शेवटी, एकटी. फाटकातून निघून रस्ता ओलांडायला लागली. मी हाक मारली. मग ओरडले, "दान्बी!" इतक्या जोरात की चार अनोळखी मुलींनी वळून पाहिलं. तिने नाही. तिच्या मागून जेवण पोचवणारा एक मोटारसायकलवाला येत होता, भोंगा दाबून धरलेला. कानठळ्या बसत होत्या. माझी पोर रस्त्याच्या मधोमध चालत राहिली.

त्याने गाडी वळवली आणि आडवा झाला. डबे फुटले, गरम रस्सा रस्ताभर. त्याची गाडी तिच्या टाचेला घासून गेली तेव्हा ती वळली.

"बहिरी आहेस का?" तो खाली पडल्या पडल्या ओरडला.

मी त्याला खाणार होते. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात दान्बीने माझा दंड धरला आणि मला स्वतःकडे वळवलं.

"आई, तोंड माझ्याकडे करून बोल. नाही तर मला कळत नाही."

सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तिला ते समजत नव्हतं.

मी विचारलं, मग इंग्रजीच्या पेपरला? तिला दोनदा विचारावं लागलं. ती म्हणाली, "बाकीच्यांनी पेन उचलले ना, तेव्हा मला कळलं, सुरू झालंय. त्यांनी पानं उलटली तेव्हा मीही उलटली."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कानाच्या डॉक्टरीणबाई. दान्बीला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. बाई आवाज वाढवत गेल्या, वाढवत गेल्या. शेवटी मला बाहेर ऐकू यायला लागला. दान्बी बोट बटणावर ठेवून वाट बघत बसली होती.

बाईंनी मला विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, परीक्षेच्या ताणाने असेल, आत्ताआत्ताच...

"सप्टेंबर," दान्बी म्हणाली. तिने माझे ओठ वाचले होते. "आधी डावा. मग उजवा. आईला सांगितलं होतं."

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. विचारलं त्याचं उत्तर दिलं, पेपरात देते तसं.

बाई म्हणाल्या, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आणलं असतंत तर पुष्कळ करता आलं असतं. सही केलेला दाखला दिला असता तर ऐकायच्या भागाऐवजी तिला छापील पेपरही मिळाला असता. उजव्या कानासाठी औषध सुरू केलंय. थोडं परत येईल, कदाचित. डाव्याची आशा धरू नका म्हणाल्या.

यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी त्या दिवशी टाळी वाजवली होती." आणि ठेवून दिला.

१६ नोव्हेंबर

पहाटेच डोंगरावर गेले, एकटीच. परीक्षा संपली, त्यामुळे वर कुणी नव्हतं. चटया गुंडाळून ठेवलेल्या, एक म्हातारा भिक्षू झाडत होता.

एकच मागणं मिळतं, ते मला मिळून चुकलंय. बाहेरचा एकही आवाज नको म्हटलं होतं, त्याने ते शब्दशः दिलं. मी कपाळ दगडावर ठेवलं आणि म्हटलं, मी मागायला आलेली नाही, परत करायला आले आहे. हे परत घे. मी किती वेळ तसंच म्हणत होते कुणास ठाऊक. भिक्षू शेवटी पाणी घेऊन आला.

खाली येताना विमान गेलं. फार मोठा आवाज असतो त्याचा. मी मुद्दाम कान दाबले नाहीत.

घरी येऊन शेवाळाचं सार केलं. मोठं पातेलंभर, शपथ घेतली होती तसं. टीव्हीवरची चादर काढली, घंटीची तार जोडली, आणि वाटी भरून खोलीच्या दारात उभी राहिले. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. नुसती बसली होती, पुढ्यात पुस्तक नव्हतं.

मला माहीत होतं. तरी मी हाक मारली. आधी हळू, सवयीने, मग मोठ्याने, मग घसा फाटेपर्यंत, दान्बी, दान्बी, दान्बी. सार हातावर सांडत होतं.

ग्वाक आजी अनवाणी जिना चढून वर आली. तिला खाली ऐकू गेलं होतं.